मधली जागा जंतूला कळते कशी?

प्रश्न : सर, मी खानापूरची, बेळगावात बी.एस्सी. करतेय. प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपखाली ई. कोलाय हे एकपेशी जंतू बघितले, बारक्या दांडीसारखे, त्यातले काही बरोब्बर मधे आवळल्यासारखे दिसत होते. पुस्तकात एकाच ओळीत लिहिलंय की मिन प्रोटीन विभाजनाची जागा ठरवतात. पण ठरवतात म्हणजे नेमकं काय करतात? ना डोळे ना पट्टी, मध्य कळतो कसा? घरी आईला सांगितलं तर म्हणाली, मी पीठ अंदाजानं दोन करते, एक गोळा लहान होतोच.

उत्तर : आईनं नेमक्या जागी बोट ठेवलंय बघ. अंदाजानं केलं की एक लहान होणारच, आणि ई. कोलायचं तसं होत नाही, जेमतेम 2 मायक्रोमीटरचा जीव, 1 मिलिमीटरात असे 500 रांगेनं बसतील, तरी चूक फार क्वचित.

कापायची जागा धरतं ते एफटीएसझेड नावाचं प्रोटीन. त्याचे धागे जुळून पेशीच्या आत एक कडं होतं, 1991 साली ते पहिल्यांदा दिसलं, आणि जिथं कडं तिथंच पेशी आवळते. आता हे कडं टोकाला पण बसू शकतं, त्याला काही अडत नाही. म्हणून मी वर्गात प्रश्न उलटा विचारायचो, टोकाला का बसत नाही?

तिथं मिन-सी, मिन-डी आणि मिन-ई येतात. मिन-सी एफटीएसझेडचे धागे जुळू देत नाही, पण तो पेशीच्या पडद्याजवळ राहतो तो मिन-डीच्या आधारानं. मिन-डी एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन, घेतला की जोडीनं पडद्याला चिकटतो, मिन-ई येऊन तो एटीपी खर्ची घालायला लावतो, की मिन-डी सुटला. सुटल्यावर परत एटीपी घेईपर्यंत जरा वेळ जातो, तेवढ्यात तो फिरत फिरत जिथं मिन-ई कमी तिथं, म्हणजे समोरच्या टोकाला जाऊन चिकटतो, मग मिन-ई तिकडं पण पोचतो, की परत इकडं. साधारण मिनिटभरात एक फेरी.

आपल्याकडं जोंधळा हुरड्यात आला की राखण करतात ना, तसंच. लहानपणी चिकोडीकडं मामांच्या रानात मी हे काम केलंय. लांबट पट्टी आणि मी एकटा, या बांधावर उभं राहून गोफण फिरवायची, मग पळत त्या बांधावर, तिथं थांबून हाकारे, परत इकडं. टोकांना मी थांबायचो, मधून नुसता पळायचो, आणि पाखरं नेमकी मधल्या ताटांवर बसायची, तिथलीच कणसं रिकामी, मामांची बोलणी खाल्लीत त्यापायी. मिन-सी, मिन-डी बराच वेळ टोकांना असतात, मधे सगळ्यात कमी, आणि कडं त्या मोकळ्या पट्ट्यातच बसतं. मध्य कुणी मोजलेलाच नाही.

ही ये-जा 1999 साली डेव्हिड रस्किन आणि पीट डी बोअर यांनी दाखवली, मिन-डीला हिरवं चमकणारं प्रोटीन जोडून, जिवंत पेशीत चमक या टोकाला, मग त्या टोकाला. मला त्याहून भारी वाटतं ते 2008 मधलं काम, जर्मनीत ड्रेस्डेनला. पेशीच नाही, सपाट कृत्रिम पडद्यावर नुसते मिन-डी, मिन-ई आणि एटीपी सोडले, तर लाटा उठायला लागल्या! म्हणजे लय या दोघांच्या देवघेवीतच आहे, बाहेरून कुणी हुकूम देत नाही. पेशी विभागली नाही आणि लांबच लांब वाढली तर एका पेशीत असे पट्टे अनेक होतात.

मिन बिघडलं तर काय? कडं टोकाजवळ बसतं आणि एक बारकी गोळी सुटते, तिच्यात पेशीचा डीएनएच नसतो, त्यामुळं ती पुढं वाढत नाही. या मिनीसेल 1967 मधेच सापडल्या होत्या, मिन हे नाव त्यावरनंच पडलं. शिवाय डीएनएच्या ढिगावर कडं बसू नये म्हणून एसएलएमए नावाचं वेगळं प्रोटीन असतं, नाहीतर डीएनएच कापला जाईल.

आणि सगळेच जंतू असं करतात असं लिहू नकोस पेपरात. बॅसिलस सबटिलिसमधे मिन-ई नाही, म्हणून अशी ये-जा पण नाही, तिथं डिव्हआयव्हीए नावाचं प्रोटीन मिनच्या मंडळींना टोकांकडं धरून ठेवतं, म्हणजे दोन्ही बांधांवर राखणदार कायमचे उभे.