प्लेऑफच्या तोंडावर पिचर जखमी: बातमी कशी वाचायची

अमेरिकी बेसबॉलच्या प्लेऑफमधली, म्हणजे ऑक्टोबरातल्या बाद फेरीतली, मालिका चार-पाच दिवसांवर आली आहे, एका स्टार्टरला (सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरला) ‘फोरआर्म टाइटनेस’ म्हणजे कोपराखालचा हात आखडल्याची तक्रार आहे, दुसऱ्याला ‘शोल्डर इन्फ्लमेशन’ म्हणजे खांद्याला सूज, आणि मॅनेजर दोघांबद्दल ‘रोजच्या रोज बघू’ एवढंच म्हणतो. यातला कोण खेळेल हे ओळखायचं कसं, असा प्रश्न आहे. दुखापतीच्या नावाला फार तर निम्मं महत्त्व द्या. बाकीचं सगळं एका गोष्टीला: त्याने माउंडवरून, म्हणजे पिचर जिथून टाकतो त्या उंचवट्यावरून, शेवटचं कधी टाकलं, आणि किती चेंडू टाकले. क्लबला निदानाबद्दल गोलमोल बोलता येतं. कॅलेंडरबद्दल येत नाही.

तरी आधी नावं. कोपराच्या आतल्या बाजूने दंडाच्या हाडापासून अल्ना या हाडापर्यंत जाणारं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) म्हणजे यूसीएल. पिच टाकताना खांदा सेकंदाला ७,००० अंशांहून जास्त वेगाने आत वळतो, आणि त्याच झटक्यात कोपर आतल्या बाजूने उघडायला बघतं. ते उघडू न देणं हे यूसीएलचं काम. मनगट आणि बोटं मिटवणारे स्नायू याच भागावरून जातात आणि त्याला हातभार लावतात. लिगामेंट ढिलं पडायला लागलं की हे स्नायू जास्तीचा भार उचलतात आणि आखडतात. म्हणून ‘फोरआर्म टाइटनेस’ ऐकायला साधं वाटलं तरी जाणकार चाहते त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. दरवेळी लिगामेंट गेलेलंच असतं असं नाही. स्नायूवरचा सौम्य ताण महिना-दीड महिन्यात सुटतो. पण एमआरआयचा निकाल येईपर्यंत दोन्ही शक्यता उघड्या ठेवाव्यात, आणि ‘दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतोय’ असं वाक्य आलं की वाईट शक्यतेकडे झुकावं.

लिगामेंट पूर्ण तुटलं तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया. फ्रँक जोब यांनी ती सप्टेंबर १९७४ मध्ये डॉजर्स संघाच्या टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली. मनगटातला किंवा मांडीतला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून हाडांत छिद्रं पाडून ओवायचा, ही मूळ कल्पना. जॉनचा १९७५ चा मोसम गेला, १९७६ मध्ये तो परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. आज स्टार्टरला परतायला १२ ते १८ महिने धरतात. लिगामेंट हाडाजवळून सुटलं असेल आणि बाकी शाबूत असेल तर ते शिवून वर मजबूत पट्टी बसवतात, त्यात वेळ थोडा वाचतो. अर्धवट फाटलं असेल तर विश्रांती, पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं) इंजेक्शन आणि हळूहळू पुनर्वसन, हा मार्ग खुला असतो. मासाहिरो तानाका २०१४ मध्ये याच मार्गाने परतला आणि शस्त्रक्रियेशिवाय यांकीज संघासाठी २०२० पर्यंत टाकत राहिला. त्याचं नाव दरवेळी निघतं, कारण अशी उदाहरणं मोजकीच आहेत. शिवाय त्यालाही जुलैपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत बाहेर बसावं लागलं होतं. सप्टेंबरच्या मध्यावर अर्धवट फाटल्याची बातमी आली तर त्या ऑक्टोबरपुरता तो विषय संपला.

क्रिकेटच्या सवयीने आपण इथे चुकतो. वेगवान गोलंदाज जखमी म्हटलं की आपल्याला बुमराची पाठ आठवते. क्रिकेटमध्ये हात सरळ ठेवावा लागतो, त्यामुळे भार कंबरेच्या मणक्यांवर आणि पुढच्या पायावर जातो. पिचरचा हात कोपरात वाकतो आणि मग सुटतो, म्हणून कोपर आणि खांदा आधी जातात.

खांदा हा त्याहून अवघड मामला. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर परतणाऱ्यांचं प्रमाण चांगलं आहे, पण खांद्याच्या सांध्याची कडा, म्हणजे लॅब्रम, आणि रोटेटर कफ, म्हणजे खांदा धरून ठेवणारे स्नायू आणि त्यांचे टेंडन, हे दोन्ही दुरुस्त करावं लागलेला पिचर जुन्या वेगाने परतेल याची खात्री कोणी देत नाही. ‘इन्फ्लमेशन’ हा शब्द निदान सांगत नाही, फक्त सूज आहे एवढंच सांगतो. सूज कशामुळे, हा खरा प्रश्न असतो.

बरगड्यांखालचा ऑब्लिक स्नायू बहुधा टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूचा दुखावतो. सौम्य असेल तर तीन-चार आठवडे, मध्यम असेल तर सहा-आठ. पाठीचा लॅट हा मोठा स्नायू दुखावला तर दोन-तीन महिने सहज जातात. बोटावरचा फोड बघायला क्षुल्लक, पण नियमाने पिचरला हातावर, बोटावर किंवा मनगटावर काहीही लावता येत नाही, पट्टी नाही आणि सुपरग्लूही नाही. त्यामुळे फोड फुटला की कातडी कडक होईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो.

पायाच्या दुखापतीत मात्र कधीकधी जुगाड चालतं. २००४ मध्ये रेड सॉक्स संघाच्या कर्ट शिलिंग या पिचरच्या उजव्या घोट्याचा टेंडन जागेवरून सरकत होता. डॉक्टरांनी आसपासची कातडी आतल्या पेशीजालाला शिवून टेंडनला तात्पुरता बांध घातला, आणि प्लेऑफमध्ये यांकीजविरुद्ध सहाव्या सामन्यात त्याने नऊपैकी सात इनिंग्जमध्ये एकच रन दिला. असा बांध कोपराला घालता येत नाही. आणि पायाचंही दरवेळी जमत नाही: २०२४ मध्ये डॉजर्सच्या क्लेटन कर्शॉचा डाव्या पायाचा अंगठा, म्हणजे ज्यावर तो माउंड रेटतो तोच, ऑगस्टअखेर असा दुखायला लागला की त्याला पूर्ण प्लेऑफ बाहेरून बघावी लागली.

आता कॅलेंडर. विश्रांती संपल्यावर पिचर सपाट मैदानावर टाकायला लागतो: ६० फूट, मग ९०, मग १२०. ते निर्धोक झालं की माउंड. पहिलं सत्र बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर तयार होतात त्या जागी, १५-२० चेंडूंचं, फक्त फास्टबॉल (सरळ वेगवान चेंडू). दुसऱ्यात ३०-३५ आणि सगळे प्रकार. कोपर दुखावलेल्याला कर्व्ह आणि स्लायडर हे वळणारे चेंडू सहसा शेवटी देतात. मग आपल्याच बॅटरांसमोर एक इनिंग, पुढच्या वेळी दोन. त्यानंतर मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, सामने, आणि दर पाच दिवसांनी साधारण १५ चेंडू वाढवत जायचं: ३०, ४५, ६०, ७५.

हिशेब करा. बॅटरसमोर पहिल्यांदा उभं राहण्यापासून ७५ चेंडूंपर्यंत जायला तीन आठवडे लागतात, तेही मधे काही दुखलं नाही तर. मालिका पाच दिवसांवर असताना ‘आज बुलपेनमध्ये २० चेंडू टाकले, छान वाटलं’ अशी बातमी आली, तर तो स्टार्टर म्हणून येत नाही हे धरून चाला. आला तर एक-दोन इनिंग्जसाठी. ऑक्टोबरात आणखी एक अडचण असते. सप्टेंबर संपता संपता मायनर लीगचे मोसम आटोपतात, त्यामुळे खऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर तपासून बघायची सोय उरत नाही. आपल्याच खेळाडूंसमोर सराव-सामना, एवढंच. तिथे गर्दी नसते, धावफलक नसतो आणि पिचर पूर्ण जोर लावत नाही.

या शिडीच्या वरच्या पायरीवरून घसरायचं उदाहरण म्हणजे डॉजर्सचा टायलर ग्लासनाऊ. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो कोपराच्या टेंडनायटिसमुळे (टेंडनच्या सुजेमुळे) बाहेर गेला, सगळ्या पायऱ्या चढला, १३ सप्टेंबरला अटलांटात सराव-सामना टाकायचा होता. वॉर्मअपमध्येच कोपर दुखलं, लिगामेंट मुरगळल्याचं निदान झालं आणि मोसम संपला. त्याच डॉजर्सच्या गॅव्हिन स्टोनला सप्टेंबरात ‘शोल्डर इन्फ्लमेशन’ म्हणून जखमींच्या यादीत टाकलं. ऑक्टोबरात त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २०२५ चा पूर्ण मोसम गेला. वर इन्फ्लमेशनबद्दल लिहिलं ते यासाठीच.

नियमांचा भाग चाहते सहसा वगळतात, पण निर्णय तिथेच होतात. प्रत्येक मालिकेसाठी २६ जणांची नवी यादी द्यावी लागते, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. मधेच कोणी जखमी झाला तर लीगच्या परवानगीने बदलता येतो, पिचरच्या जागी पिचरच. पण काढलेला खेळाडू ती उरलेली मालिका आणि त्यापुढची पूर्ण मालिका, दोन्हींना मुकतो. म्हणजे डिव्हिजन सिरीजमध्ये (त्यापुढे लीगची अंतिम मालिका, मग वर्ल्ड सिरीज) अर्ध्या बऱ्या स्टार्टरवर जुगार खेळला आणि तो मोडला, तर तो लीगच्या अंतिम मालिकेतही नाही, थेट वर्ल्ड सिरीजला, संघ तिथवर पोहोचला तर. म्हणून शहाणे क्लब संशयित पिचरला पाच सामन्यांच्या छोट्या मालिकेत बसवतात आणि सात सामन्यांच्या मालिकेसाठी राखतात. पहिल्या सामन्याच्या सकाळी यादीत नाव नाही म्हणजे मोसम संपला, असं लगेच समजू नका. २०२४ मध्ये अॅलेक्स व्हेसिया या डॉजर्सच्या पिचरला पाद्रेजविरुद्धच्या डिव्हिजन सिरीजमध्ये पाचव्या सामन्यात बरगड्यांजवळ दुखायला लागलं. तो सामना मालिकेतला शेवटचाच होता, त्यामुळे मधे बदल करायची वेळ आली नाही. त्याला मेट्सविरुद्धच्या लीगच्या अंतिम मालिकेच्या यादीतून वगळलं आणि वर्ल्ड सिरीजच्या यादीत परत घेतलं.

तीच डॉजर्स-पाद्रेज मालिका हा या सगळ्याचा उत्तम नमुना आहे. डॉजर्सकडे ग्लासनाऊ, कर्शॉ, स्टोन, गोन्सोलिन, मे, शीहन, रायन यांपैकी कोणीच उपलब्ध नव्हतं, आणि ओहतानी कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर त्या वर्षी फक्त बॅटिंग करत होता. उरले तीन स्टार्टर: यामामोतो, फ्लॅहर्टी, ब्यूलर. यामामोतो जूनमध्ये रोटेटर कफच्या ताणाने बाहेर गेला होता. तो १० सप्टेंबरला परतला आणि मोसम संपेपर्यंत चार सामने टाकून बसला. फरक हाच होता. ग्लासनाऊची बातमी आठवडाभर आशादायक होती, यामामोतोने प्रत्यक्ष माउंडवर चेंडू टाकलेले होते.

चौथा सामना हरला तर मालिका गेली, अशा वेळी डॉजर्सने स्टार्टरच लावला नाही. ब्रेझियर या रिलीव्हरने, म्हणजे एरवी स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरने, सुरुवात केली, एकूण आठ पिचरांनी मिळून पाद्रेजना शून्यावर ठेवलं, ८-०. याला बुलपेन गेम म्हणतात. धाडस म्हणून त्याचं कौतुक झालं, ते योग्यच, पण वेळापत्रकाने साथ दिली हे विसरू नका: चौथा सामना ९ ऑक्टोबरला, पाचवा ११ ला, मधे प्रवासाचा एक दिवस. त्या एका दिवसामुळे रिलीव्हर पुन्हा उभे राहू शकले. पाचव्यात यामामोतोने पाच इनिंग्ज टाकल्या, बाकीच्या चार रिलीव्हरांनी, २-०. लागोपाठच्या दिवशी सामना असता तर आठ जणांचा हा डाव कुठल्याही मॅनेजरने लावला नसता. तुमच्या संघाकडे दोनच धड स्टार्टर असतील तर आधी वेळापत्रकात सुट्टीचे दिवस कुठे पडतात ते बघा.

पाद्रेजची बाजू उलट होती. जो मसग्रोव्ह कोपराच्या त्रासाने उन्हाळ्यात बाहेर होता, ऑगस्टमध्ये परतला आणि छान टाकत होता. २ ऑक्टोबरला आधीच्या फेरीत ब्रेव्हजविरुद्ध चौथ्या इनिंगमध्ये त्याचा वेग घसरला आणि त्याला बाहेर काढलं. पुढे टॉमी जॉन. त्याची जागा भरायला डिलन सीझला डॉजर्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यानंतर तीनच दिवसांच्या विश्रांतीवर चौथ्यात उतरवलं. स्टार्टरला सहसा चार दिवस तरी मिळतात. तो दोन इनिंग्जही पूर्ण करू शकला नाही आणि तीन रन गेले. एका कोपराचा फटका दुसऱ्याच पिचरच्या सामन्यात बसतो, तो असा.

सामना सुरू झाल्यावर पडद्यावर काय बघायचं? फास्टबॉलचा वेग, पण लीगच्या सरासरीशी नव्हे (ती २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होती, २०२४ मध्ये ९४.२), तर त्याच पिचरच्या मोसमातल्या वेगाशी तोलून. पहिल्या इनिंगमध्ये एखादा मैल कमी असणं थंडीतही होतं. तिसऱ्या-चौथ्यात अचानक दोन मैल उतरले तर बुलपेनकडे नजर टाका, तिथे बहुधा कोणीतरी उभं राहिलेलं असतं. दुसरी खूण म्हणजे चेंडू वर आणि हाताच्याच बाजूला सुटत राहणं: दुखणारा हात वेळेवर पुढे येत नाही. तिसरी, फास्टबॉल टाळून कर्व्हवर भर, त्यातही कॅचरने (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याने) मागितलेला फास्टबॉल पिचर पुन्हा पुन्हा नाकारत असेल तर. दोन चेंडूंच्या मधे बोटं उघडझाप करणं, हात झटकणं यावर टीव्हीवाले फार बोलतात. निरोगी पिचरही थंडीत तेच करतात, त्यामुळे वेग टिकून असेल तर त्याकडे दुर्लक्ष करा.

मार खाल्ला म्हणजे जखमी, असंही नसतं. यामामोतोने पाद्रेजविरुद्धच्या पहिल्या सामन्यात तीन इनिंग्जमध्ये पाच रन दिले, तेव्हा खांदा पुन्हा गेला म्हणून हाकाटी झाली. नंतर चर्चा निघाली ती ग्लोव्हच्या हालचालीवरून बॅटरांना चेंडूचा प्रकार आधीच कळत असावा याची. खांदा ठणठणीत होता, सहा दिवसांनी त्याच संघाला त्याने एकही रन दिला नाही.