आजोबांच्या अल्बममधला तो फोटो

आजोबांच्या अल्बममधला, मावळ्यांच्या वेशातल्या शाळकरी मुलांचा तो फोटो कुठल्या शाळेतला, असं तू विचारलंस. आधी एक कर, तो फोटो अल्बमच्या काळ्या पानावरून ओढून काढू नकोस. फोंड्यात आमच्या घरी मी तसाच ओढला होता, आणि मागचा स्टुडिओचा शिक्का पानालाच चिकटून राहिला. ती हळहळ अजून जात नाही. पानासकट स्कॅन कर, ६०० डीपीआयवर, रंगीतच. पिवळेपणा आणि डागही माहिती देतात.

मग पायांकडे बघ. वर मावळ्याचा फेटा, अंगरखा आणि खाली कवायतीचे बूट, म्हणजे बहुधा ही रंगीत तालीम. फेटे दिसले म्हणून शिगमो, म्हणजे गोव्यातला होळीचा उत्सव, समजू नकोस. कवायतीचे बूट म्हणजे शाळा सैनिकी असू शकते, पण ती ओळखायला साल हवं. नाशिकची भोंसला मिलिटरी स्कूल १९३७ची, साताऱ्याची सैनिक स्कूल १९६१ची. फोटो पन्नासच्या दशकातला ठरला तर सातारा बाद.

लॅमिनेशन अजिबात नको. आपल्याकडचा जुलै फोटोंचा वैरी, म्हणून आम्लमुक्त कागदात गुंडाळून सिलिका जेलसह डब्यात ठेव. नावं मऊ पेन्सिलीनं पाकिटावर लिही. आणि आजीला आजच दाखव, रे. डावीकडून तिसरा मुलगा कोण, हे तिलाच ठाऊक असेल.