कोर्सआधी भंगाराचं यार्ड बघा

तुम्ही विचारलंय, मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, नोकरी जालन्यातच हवीय, तर 'सर्क्युलर मॅन्युफॅक्चरिंग'चा (म्हणजे टाकाऊ माल पुन्हा वापरून नवा माल बनवण्याचा) महागडा ऑनलाइन कोर्स लावू का? माझ्या मते तूर्तास नको.

जालन्याचे सळई कारखाने हेच काम असलं भारदस्त नाव न लावता वर्षानुवर्षं करताहेत. भंगार वितळवा, बिलेट (पोलादाचे चौकोनी ठोकळे) ओता, सळई काढा. जाणकार माणूस कमी पडतो तो यार्डात. इथली विजेवरची इंडक्शन भट्टी वितळवते, शुद्ध करत नाही. मोटारचं आर्मेचर वायरिंगसकट चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालात, गेलं की तांबं आत बसलंच. ते जाळून काढावं म्हटलं तर त्याआधी लोखंडच जळतं. मग रोलिंगला सळईला चिरा पडतात. फार तर चांगलं भंगार वाढवून तांब्याचं प्रमाण खाली आणायचं, दुसरा इलाज नाही. फॉस्फरसचं रडगाणं तेच. आयएस 1786 या सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे 500डी ग्रेडच्या सळईत गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी 0.040 टक्क्याच्या वर चालत नाही. लॅबला हा आकडा नुसता कळतो, सांभाळायचा असतो यार्डात. आणि तोंड बंद असलेला सिलिंडर किंवा शॉकॲब्सॉर्बर नजरेतून सुटला, तर भट्टीत स्फोट होतो. मेल्टरच्या, म्हणजे भट्टी चालवणाऱ्याच्या, जिवावर बेततं.

म्हणून त्याला आधी भंगाराची प्रतवारी, स्पेक्ट्रोमीटरचं (धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्राचं) सॅम्पल घासणं आणि रिपोर्ट वाचणं, चार्जचा हिशेब, टनामागे किती युनिट जळली हे शिकू द्या. लॅबमध्ये अप्रेंटिस म्हणून लागला तर उत्तमच.

नोंदी ठेवणाऱ्यालाही आता भाव येणार. युरोपला नट-बोल्ट पाठवणाऱ्यांकडे तिथले आयातदार कार्बनचा हिशेब मागतात. सीबॅम, म्हणजे आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावरचा युरोपचा आकार, 1 जानेवारी 2026 पासून लागू झालाय. कुठल्या हीटचा (भट्टीच्या कुठल्या खेपेचा) माल, त्यात भंगार किती, वीज किती, हे एक्सेलमध्ये नीट मांडणारा पोरगा अशा ठिकाणी लगेच नजरेत भरतो.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजकडे जायची तयारी असेल तर ॲल्युमिनियमचं काम बघा. तिथं मशिनखालचा बुरा ग्रेडप्रमाणे वेगळा ठेवणं हीच निम्मी कमाई, कारण त्यात लोखंड मिसळलं की दर पडतो. डाय (साचे) दुरुस्तीत रस असेल तर चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये चौकशी करा.

रात्रपाळी झेपेल का, ते मात्र त्यालाच विचारा. भट्ट्या रात्रभर चालतात.