विल्सन कॉलेजवाले विल्सन कोण? या आडनावाचे आणखी कोण प्रसिद्ध आहेत?

विल्सन म्हणजे ‘विलचा मुलगा’. स्कॉटलंडमध्ये पैशाला पासरी आडनाव. गिरगाव चौपाटीसमोरचं कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते मिशनरी जॉन विल्सन 1829मध्ये मुंबईला आले आणि 1875मध्ये इथेच वारले.

पण आपल्या खिशाला लागलेले विल्सन वेगळेच! स्कॉटलंडमधल्या हॉइक गावचे जेम्स विल्सन. 1843मध्ये त्यांनी ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिक काढलं. 1857च्या उठावानंतर रिकामी झालेली सरकारी तिजोरी भरायला त्यांना भारतात पाठवलं. 1860मध्ये त्यांनी इथे आयकर आणला आणि त्याच वर्षी कलकत्त्यात वारले. कर मात्र मध्ये बंद पडूनही परत आला.

तिसरे भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावरचे ढग पाहून त्यांना मेघकक्षाची, म्हणजे विद्युतभारित सूक्ष्म कणांचा मार्ग धुक्याच्या रेषेसारखा दाखवणाऱ्या उपकरणाची, कल्पना सुचली. 1927चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच.