फॉर्मवर न लिहिलेली शुगर

प्रश्न : वय ४३, डोंबिवलीत राहतो, अंधेरीला खासगी कंपनीत नोकरी. हातात ९५ हजार येतात, घराचा हप्ता ३२ हजार, व्याज साडेआठ टक्के. बायको, १२ वर्षांची मुलगी, आई (६८) आणि वडील (७२) माझ्यावर अवलंबून. गेल्या आठवड्यात गॅरंटीड इन्कमची पॉलिसी हातात आली. १२ वर्षं दीड लाख भरायचे, तेराव्या वर्षाअखेरपासून १२ वर्षं तीन-तीन लाख मिळणार. ती चालू ठेवू, की ते पैसे दरवर्षी गृहकर्जात भरू? मेडिक्लेम कंपनीचा आहे, पाच जणांत ५ लाखांचा. जानेवारीत वडिलांच्या ऑपरेशनचं बिल ३ लाख २० हजार झालं, २ लाख १० हजार मिळाले, बाकीसाठी एफडी मोडली. मला दोन वर्षांपासून थोडी शुगर आहे, गोळी चालू आहे. एजंट म्हणाले, फॉर्मवर लिहायची गरज नाही, तीन वर्षांनी कोणी विचारत नाही. नोकरी साठीपर्यंत आहेच.

उत्तर : विचारलंत त्याचं आधी. या पॉलिसीत प्रत्येक हप्ता १३ वर्षांनी दुप्पट होतो. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट होतात त्या आकड्याने ७२ ला भागलं की वर्षाचा व्याजदर साधारण कळतो. ७२ ला १३ ने भागा, साडेपाच टक्के. पीपीएफ आज ७.१ देतो, आणि कर्जावर तुम्ही स्वतः साडेआठ भरताय. पॉलिसी परत करा. ‘पैसे डबल’ म्हणून ही योजना घरोघरी खपवली जाते आणि किती वर्षांनी डबल हे कोणी सांगत नाही, याची मला मनापासून चीड आहे.

पण हे दीड लाख लगेच कर्जातही भरू नका. त्याआधी तुमच्या तब्येतीचं बघायला हवं, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

एजंटने सांगितलं ते अर्धं खरं आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार आयुर्विम्याच्या (तुमची ही पॉलिसी त्यातलीच) पॉलिसीला तीन वर्षांनंतर आव्हान देता येत नाही. पण त्या तीन वर्षांत तुमचं काही बरंवाईट झालं, तर कंपनी जुनी प्रिस्क्रिप्शनं काढेल, क्लेम नाकारेल, आणि कागद घेऊन फिरेल ती तुमची बायको. आरोग्य विम्यात तर पाच वर्षांनंतरही सिद्ध झालेल्या फसवणुकीला संरक्षण नाही. शिवाय उद्या तुम्ही मेडिक्लेमच्या फॉर्मवर शुगर खरी लिहिलीत, तर तुमच्याच सहीचे दोन फॉर्म एकमेकांविरुद्ध बोलतील.

थोडी शुगर म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही आणि १३ कोटींवर लोक उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षं आधी गाठतो, म्हणजे ऐन कमावत्या वयात. देशातली दोन तृतीयांश माणसं १५ ते ६४ या वयोगटात आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. पण नुसत्या वयाने घर चालत नाही, सकाळी लोकल पकडता यावी लागते. साठीपर्यंत नोकरी आहेच हे तुम्ही कशाच्या जोरावर लिहिलंत? खासगी नोकरीत पन्नाशीनंतर काय होतं ते तुमच्याच ऑफिसात बघा. आणि नोकरी गेली की कंपनीचा मेडिक्लेमही गेला.

वडिलांच्या पिढीत चार-पाच भावंडं असायची. एक हॉस्पिटलचं बघायचा, दुसरा औषधांचं, तिसरी रात्री थांबायची. महाराष्ट्रात आता एका बाईमागे सरासरी १.७ मुलं आहेत (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१). तुमची मुलगी एकटी आहे. तुम्ही ५५ चे व्हाल तेव्हा ती २४ ची असेल. तेव्हा शुगरने किडनी बिघडून तुमच्या डायलिसिसचा खर्च तिच्या पहिल्या पगारातून जावा, असं तुम्हालाही वाटत नसणार.

जानेवारीचं बिल पुन्हा काढून बघा. कंपनीच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार असावी, आणि तुम्ही ८ हजारांची खोली घेतली असावी. अशा वेळी फक्त भाडं कापलं जात नाही. औषधं, तपासण्या असे काही खर्च वगळता डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे त्याच प्रमाणात कापतात, आठातले पाच भागच मिळतात. एफडी तिथे मोडली. आणि या वर्षासाठी पाच जणांत उरलेत २ लाख ९० हजार.

तेव्हा स्वतःचा, बायकोचा आणि मुलीचा १० लाखांचा फ्लोटर, म्हणजे तिघांत मिळून एकच मेडिक्लेम, घ्या, खोलीभाड्याची मर्यादा नसलेला. शुगर, गोळीचं नाव, शेवटचा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी), सगळं फॉर्मवर लिहा. कंपनी लोडिंग, म्हणजे आजारासाठी जादा हप्ता, लावेल. ३५ ते ४० हजार धरून चला, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी नाही. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा असते, म्हणून शुगर आटोक्यात येईपर्यंत थांबतो असं म्हणू नका. आज घेतलात तर ४६ व्या वर्षी शुगरही कव्हर होते, आणि तोवर बहुधा कंपनीचा मेडिक्लेम हाताशी असेल. एखाद्या कंपनीने नकार दिला तर दुसरीकडे अर्ज करा, पण लपवू नका. सोबत एक कोटीचा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा), तोही शुगर सांगून.

वडील सत्तरीपुढचे आहेत. त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, काढा, उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांचं कवच आहे. जवळची कुठली हॉस्पिटलं यादीत आहेत ते आत्ताच बघून ठेवा. आईला दोन वर्षांनी मिळेल, तोवर ती कंपनीच्या पॉलिसीत राहू दे.

या सगळ्याचे ७०-७५ हजार होतील. दीड लाखातून उरतील त्यातून आधी मोडलेली एफडी भरून काढा, मग कर्ज.

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो. तुमचा एक आठवडा गेलाय. अर्ज एजंटच्या हातात देऊ नका, तो ‘बघतो’ म्हणत महिना काढेल. विमा कंपनीच्या शाखेत स्वतः द्या, ईमेलही करा, आणि पोचपावतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.