एका लॉटला किती भांडवल लागतं?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. निफ्टी कुठे जाणार यावर तीन पानं आणि शेवटी निफ्टी फ्युचरच्या लॉटबद्दल, म्हणजे पुढच्या तारखेच्या करारातल्या ठरलेल्या किमान नगांबद्दल, घाईघाईत एक ओळ: 'तीन लाख आहेत, मार्जिन दोन-सव्वादोन लाखांचं, म्हणजे एक लॉट आरामात बसतो.' पहिल्या तीन पानांवर मी काही बोलत नाही, तुझा अंदाज माझ्यापेक्षा वाईट नसेल. खटकली ती शेवटची ओळ.

मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची अनामत, क्लिअरिंग कॉर्पोरेशन (सौदे चुकते होण्याची हमी देणारी संस्था) घेते ते स्वतःच्या बचावासाठी. तू बुडालास तरी समोरच्याचे पैसे चुकते व्हावेत, एवढंच त्यात पाहिलेलं असतं. सहा महिन्यांनी तू बाजारात असशील की नाही, याची काळजी त्या आकड्यात कुठेही नाही.

आता कागद घे. निफ्टी 25,000 आणि लॉट 65 चा धर. सौदा झाला सव्वासोळा लाखांचा, म्हणजे तुझ्या पैशाच्या पाचपटीहून जास्त. निफ्टी एक टक्का घसरला की 16,250 रुपये गेले. एक टक्का ही काही पेपरात पहिल्या पानावर येणारी बातमी नव्हे.

हिशेब तोट्याकडून सुरू करायचा. एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त घालवायचं नाही असं ठरवलं, तर तुझ्या वाट्याला 3,000 रुपये येतात. भागिले 65, म्हणजे 46 पॉइंट. एवढा तर निफ्टी बाजार उघडल्यावर पहिल्या काही मिनिटांतच हलतो! इथे बहुतेक जण काय करतात, तर लॉट बसावा म्हणून स्टॉप लॉस (ठरलेल्या भावाला तोटा कापणारी ऑर्डर) जवळ आणतात. मग दिवसात तीनदा स्टॉप उडतो आणि दोष येतो बाजारावर. स्टॉप चार्ट सांगेल तिथे लागायला हवा, खिशाला परवडेल तिथे नाही. चार्ट 150 पॉइंट सांगत असेल, तर एका लॉटची जोखीम 9,750 रुपये. एक टक्क्याच्या नियमाने त्याला पावणेदहा लाख लागतात. दोन टक्के धरलेस तरी पाच लाखांच्या जवळपास. तीन लाखांत किती लॉट, याचं उत्तर शून्य येतं, आणि अर्धा लॉट कुणी विकत नाही.

हा आकडा एकदा काढून भिंतीवर चिकटवून चालणार नाही. सेबीने कराराची किमान किंमत 15 लाख केली तेव्हा, नोव्हेंबर 2024 मध्ये, निफ्टीचा लॉट 25 वरून 75 वर गेला (65 वर तो नंतर आला). 'आपण एकच लॉट करतो' म्हणणाऱ्यांची जोखीम तिप्पट झाली, आणि काहींना ते पहिला तोटा बसल्यावर कळलं.

शिवाय वरचा सगळा हिशेब बाजार उघडा असताना खरा. 4 एप्रिल 2025 च्या शुक्रवारी निफ्टी 22,904 वर बंद झाला. अमेरिकेच्या आयातशुल्कावरून जगभर पडझड चालू होती, आणि सोमवारी 7 तारखेला तो उघडलाच 21,758 च्या आसपास. मधल्या साडेअकराशे पॉइंटांत कुणालाच सौदा करता आला नाही. 22,750 ला स्टॉप लावून लाँग (खरेदीची पोझिशन) पुढच्या दिवसावर नेलेल्याचा सौदा हजार पॉइंट खाली कापला गेला असणार. लिमिटचा, म्हणजे ठरलेल्या भावाखाली न विकणारा, स्टॉप असेल तर तो नुसता लटकलेला राहिला असेल. शुक्रवारच्या बंद भावापासून धरलं तर 65 च्या लॉटवर हे 74 हजारांच्या पुढे जातं, तुझ्या भांडवलाचा चौथा हिस्सा. म्हणून रात्रभर पोझिशन ठेवायची तर आधी विचार: उद्या पाच टक्के गॅप पडला तर? उत्तर झेपत नसेल तर सोबत पुट (ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क) घे, त्याची किंमत म्हणून प्रीमियम जाईल तो जाऊ दे, नाहीतर साडेतीनच्या आत मोकळा हो.

निवडणूक निकालाच्या, बजेटच्या दिवशी जोखीम निम्मी. 3 जून 2024 ला एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी 733 पॉइंट वर गेला, रोजच्या मार्क-टू-मार्केटने (दिवसाचा नफा-तोटा त्याच दिवशी चुकता करण्याने) खात्यात रोकड जमा झाली आणि त्या रोकडीवर आणखी लॉट घेण्याचा मोह कुणालाही झाला असता. दुसऱ्या दिवशी 1,379 पॉइंट खाली. (एकाच लॉटवर असलेल्याने निम्मं करायचं म्हणजे घरी बसायचं, हेही लक्षात ठेव.)

बँक निफ्टीही घेऊन जोखीम विभागतो असं तू लिहितोस. निफ्टीत बँका आणि वित्तसंस्थांचंच वजन एक तृतीयांशाच्या आसपास आहे. पडायचे दिवस दोघांचे बहुधा एकच असतात, तेव्हा दोन्ही मिळून एकच जोखीम धर. तोट्यातला फ्युचर ॲव्हरेज करण्याबद्दल (भाव पडला म्हणून आणखी घेण्याबद्दल) तर चर्चाच नको.

हात शिवशिवतच असतील तर निफ्टी बीज (निफ्टीच्या मागे चालणारा, शेअरसारखा घेता येणारा फंड) घे. 25,000 च्या निफ्टीवर तीन लाखांचे सगळे घेतलेस तरी 150 पॉइंटांना तोटा 1,800 रुपयांच्या घरात, शिवाय मार्जिनसाठी ब्रोकरचा फोन नाही. शॉर्ट (आधी विकून नंतर घेणं) करून रात्रभर ठेवता येत नाही, ही अडचण आहे. सध्या ती चालवून घे. पुढचे पन्नास सौदे त्यावर कर आणि प्रत्येकाची एन्ट्री, स्टॉप आणि किती युनिट घेतले ते सौद्याच्या आधी लिही. मग ती वही मला पाठव. लॉटचं आपण ती बघून बोलू.