मुख्य कंपनी आणि उपकंपनीतल्या व्यवहाराचा नफा एकत्रित ताळेबंदात वजा का करतात?

रत्नागिरीत एम.कॉम. करताना माझंही घोडं इथेच अडलं होतं. पेट्या पडवीतून माजघरात नेल्या म्हणून घराला नफा होतो का? तसंच हे.

समज, देवगडच्या कंपनीकडे आंब्याचा पल्प बनवणाऱ्या उपकंपनीचे ८०% शेअर आहेत. उपकंपनीने ४ लाखांत पडलेला पल्प तिला ५ लाखांना विकला. ३१ मार्चला निम्मे डबे गोदामातच (पल्प जूनपर्यंत भरतात, खपतो वर्षभर). पुस्तकात शिल्लक माल अडीच लाखांचा दिसतो, पण ग्रुपला (म्हणजे दोन्ही कंपन्या मिळून) तो २ लाखांतच पडलाय. बाहेरच्या गिऱ्हाइकाने डबा उचलेपर्यंत वरचे ५० हजार नफा नव्हेत. म्हणून शिल्लक मालातून आणि नफ्यातून ते वजा. शिवाय आपापसातली ५ लाखांची विक्री आणि खरेदीही एकमेकांत कापायची, हे पोरं हमखास विसरतात.

आता विकणारं कोण ते बघ. इथे उपकंपनी, म्हणून इंड एएस ११० (एकत्रित हिशोबाचं भारतीय लेखामानक) प्रमाणे ५० हजार पुरते वजा होतात, पण त्यातले १० हजार बाहेरच्या २०% भागधारकांच्या वाट्यातून जातात. मुख्य कंपनीने विकलं असतं, तर सगळा भार तिच्याच माथी.

परीक्षेत खोच असते ती टक्क्यांत. ‘मूळ किमतीवर २५%’ नफा म्हणजे विक्रीच्या किमतीचा पाचवा हिस्सा, चौथा नव्हे. माझे चार मार्क तिथेच गेले.